दगडाचा सातबारा तयार, आमचा कुठाय?



पाड्यावर साहेब आला की पहिला सवाल ठरलेला: "पुरावा काय?" आजा इथं मेला, पणजा इथं पुरला, हे सांगून भागत नाय. कागद पाहिजे. बरं, कागदाचंच बोलूया. ज्या कातळावर आमची झोपडी उभी आहे, त्या कातळाचा कागद किती जुना आहे?

1852 साली कार्टर नावाच्या इंग्रज डॉक्टराने मुंबई बेटाच्या खडकांवर लिहून ठेवलं. 1866 साली सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी वाइन साहेबाने तेच काम पुन्हा केलं. 1958 साली झेवियर कॉलेजचे प्रा. सुखेश्वाला यांनी एका परदेशी जोडीदाराबरोबर मुंबई भागातल्या काळ्या दगडाचा अभ्यास छापला. म्हणजे दगडाची शंभर वर्षांहून जुनी वंशावळ तयार आहे. तो कधी जन्मला, कोणत्या रसातून थिजला, त्यात काय काय आहे, सगळं लिहिलंय. त्याच दगडावर चूल मांडणाऱ्याची वंशावळ मात्र कोणी लिहिली नाही.

अंधेरीचा गिल्बर्ट हिल घ्या. कोट्यवधी वर्षांपूर्वी पोटातून वर आलेला तापलेला रस थंड होताना उभा तडकला, म्हणून तिथं खांबाला खांब लागून उभे आहेत. उंची सुमारे 200 फूट. आजूबाजूचा डोंगर खाणवाल्यांनी सुरुंग लावून नेला, मधला सुळका राहिला. 2007 साली महापालिकेने त्याला वारसा ठरवलं. चांगलं केलं. आमचं म्हणणं एवढंच, की दगड राहिला तर तो वारसा आणि माणूस राहिला तर ते अतिक्रमण, हा कुठला न्याय?

उपनगरांनी शहराला काय दिलं ते मोजा. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम कुर्ल्याच्या करड्या आणि मालाडच्या पिवळसर दगडाचं आहे. क्रॉफर्ड मार्केटलाही कुर्ल्याचा दगड आहे. पाणी दिलं: विहार तलाव 1860 चा, तुळशी 1879 चा. तलाव भरले आमच्या जंगलातल्या ओढ्यांनी, नळ गेले शहरात. कितीतरी पाड्यांवर बायका आजही हंडा घेऊन फिरतात.

कोणी म्हणेल, आपल्या खाली तांबं नाही, सोनं नाही, आपल्याला कशाची भीती? तर ऐका. गोंदियाच्या पलीकडे, मध्य प्रदेशच्या बालाघाट जिल्ह्यात मलाजखंड आहे. गोंड-बैगांचा मुलूख. तिथल्या खडकात तांबं आहे, आणि त्याच्यासोबत मॉलिब्डेनम, म्हणजे पोलाद कणखर करायला घालतात तो धातू. शास्त्रज्ञांनी त्या मॉलिब्डेनमच्या खनिजावरून वय काढलं: सुमारे 249 कोटी वर्षं. आधी हातोडीवाले आले, मग नकाशा झाला, मग भोकं पाडून खालचा दगड पेटीत भरून नेला. 1982 पासून हिंदुस्थान कॉपर या सरकारी कंपनीची तिथं मोठी उघडी खाण. आता त्याच खड्ड्याच्या खाली भुयारी खाण. पद्धत सगळीकडे हीच. आधी नमुना, मग नकाशा, मग नोटीस. गावाला कळतं ते नोटिशीच्या वेळी.

इथं तांबं नाही, पण इथली जागाच तांब्यापेक्षा महाग झालीय. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून गोरेगाव-मुलुंड रस्त्याचे 4.7 किलोमीटरचे जुळे बोगदे ठरलेत. बोगद्याच्या आधीही दगड तपासावाच लागतो. दगडाला विचारतात, तुला भोक पाडलं तर तू टिकशील का? आम्हाला कोण विचारतंय?

कायदा काय सांगतो? 2009 च्या केंद्राच्या पत्रकाने वनजमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर ग्रामसभेची संमती बंधनकारक केली. 2013 मध्ये रस्ते, कालवे अशा लांबट कामांना त्यातून सूट दिली. पण आदिम जमातींच्या मान्य झालेल्या हक्कांना धक्का लागत असेल तर ती सूट नाही. आपल्यातले कातकरी आदिम जमातीत येतात. "मान्य झालेल्या" हा शब्द नीट ध्यानात ठेवा. दावाच टाकला नाही तर मान्य काय होणार?

"तुम्ही शहरात राहता, तुम्हाला वनहक्क कसला?" असंही ऐकवतात. 2006 च्या वनहक्क कायद्यात वनजमिनीत राष्ट्रीय उद्यानसुद्धा धरलंय. कलम 4(5) सांगतं, दाव्याची तपासणी पुरी होईपर्यंत कब्जातल्या वनजमिनीवरून कोणाला उठवता येत नाही. आणि 2012 च्या सुधारित नियमांप्रमाणे अमुकच कागद आणा असा हट्ट समितीला धरता येत नाही.

मग पुरावा कोणता? म्हाताऱ्या माणसांचा लिहून घेतलेला जबाब. घर, बांध, सपाट केलेली जमीन. देवाची जागा, मसणवट. सरकारी गॅझेटियर. 1882 च्या ठाणे गॅझेटियरमध्ये वारली आणि काथोडी यांच्यावर मजकूर आहे, आणि तेव्हा आपली साष्टी ठाणे जिल्ह्यातच होती. साहेबांनी लिहिलेला कागद साहेबांपुढे ठेवा.

म्हणून आता आपणच आपलं सर्वेक्षण करायचं:

1. प्रत्येक पाड्याने सभा घेऊन वनहक्क समिती नेमावी, ठराव वहीत लिहावा, सह्या-अंगठे घ्यावेत.
2. सगळ्यांत म्हाताऱ्या माणसांचे जबाब या पावसाळ्याआधी लिहून घ्या. माणूस गेला की पुरावा गेला.
3. झरा, विहीर, वाघोबा, हिरवा देव, मसणवट, शेताचे बांध हे सगळं हाताने नकाशावर काढा. पुराव्याची एकच गोष्ट जोडू नका, दोन-तीन जोडा.
4. भोक पाडायचं मशीन दिसलं तर विचारा: कोणाचं काम, कोणाची परवानगी? उत्तर लेखी मागा. दावे टाकाल तेव्हा पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दगडाला तोंड नाही, तरी त्याचा कागद झाला. आपल्याला तोंड आहे. ते उघडलं पाहिजे.

जल, जंगल, जमीन आमच्या हक्काची! नाही कुणाच्या बापाची!