पट कमी म्हणून शाळा मोडू देणार नाही



सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूहशाळा' करण्याचे प्रस्ताव जिल्ह्याजिल्ह्यांतून मागवले. मोजक्या मुलांत शिक्षण नीट होत नाही म्हणे!

पट कमी का झाला, याचा हिशेब आम्ही मांडतो. महाराष्ट्रात १९९२-९३ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत बाईमागे सरासरी २.९ मुले होती. २०१९-२१ च्या पाहणीत १.७. तीनशे माणसांच्या वस्तीत आज वर्षाला चार-पाच पाळणे हलतात. चार इयत्तांची मिळून अठरा-वीस पोरे. जास्तीची आणायची कोठून? भिंतीवर लाल त्रिकोण रंगवून लहान कुटुंबाचा उपदेश सरकारनेच केला. आम्ही तो ऐकला. ऐकल्याची शिक्षा आता पोरांना?

त्यातही ज्याला जमते तो तालुक्याच्या इंग्रजी शाळेची गाडी लावतो. मागे उरतात मजुरांची आणि कोरडवाहूवाल्यांची पोरे. मराठवाड्यात दिवाळीच्या आगेमागे तीही आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. कापूस-ज्वारीवर घर चालले असते तर उचल कोणी घेतली असती? पट शाळेत नाही गळाला, वावरात गळाला.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा काय सांगतो? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक. खाली किती, ही मर्यादा त्यात नाही. पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, हा नियम राज्याचाच. म्हणजे बारा पोरांना दोन गुरुजी, हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

शाळा लांब गेली तर गाडी देऊ म्हणतात. पावसाळ्यात ज्या काळ्या चिखलातून बैलबंडी निघत नाही, तिथे यांची गाडी येणार? सहा वर्षांच्या लेकीला ओढ्यापलीकडे कोणती माय पाठवील? घरी बसेल ती आधी पोरगीच.

कपाशीची उगवण विरळ झाली तर आपण नांग्या भरतो, वावर मोडत नाही. शाळेचेही तसेच. आमची मागणी साधी आहे: डोकी मोजू नका, अंतर मोजा. दोन्ही शिक्षक द्या. तोडीला जाणाऱ्यांच्या पोरांसाठी गावातच हंगामी वसतिगृह चालवा.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांचा आणि निम्म्या बाया, असे कायदाच सांगतो. ती समिती कागदावर ठेवू नका. येत्या ग्रामसभेत ठराव घ्या, सह्या-अंगठे घ्या, आणि प्रत जिल्हा मेळाव्याला घेऊन या.