पासंगाला न पुरणाऱ्या कादंबऱ्या

इतवारीच्या बाजारात सकाळी दुकान उघडणारा जुना व्यापारी पहिले गिऱ्हाईक येण्यापूर्वी एक गोष्ट न चुकता करीत असे. दोन्ही पारडी रिकामी ठेवून तो तराजू उचली आणि काटा मध्यावर स्थिर होतो की नाही ते पाही. एखादे पारडे झुकते आहे असे दिसले, तर दुसऱ्या बाजूस लहानसा खडा किंवा धातूचा तुकडा बांधून तो दोष भरून काढी. ह्या तुकड्यास आपण पासंग म्हणतो. विजेवरच्या काट्यांनी आज ही खटपट पुष्कळशी संपविली असली, तरी शब्द मात्र आपल्या बोलण्यात टिकून आहे. आणि नवल असे की, तो बाजारापेक्षाही ग्रंथप्रेमी मंडळींच्या बैठकीत अधिक ऐकू येतो. ‘अमका कादंबरीकार तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही’, हे वाक्य उच्चारल्यावाचून आमच्या शहरातील साहित्यचर्चा सहसा पूर्ण होत नाही.

ह्या चर्चेतील पक्ष ठरलेले आहेत. एका पक्षास वि. स. खांडेकरांची ‘ययाति’, रणजित देसाईंची ‘स्वामी’ आणि शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ह्या तीन ग्रंथांपलीकडे मराठी कादंबरी उरलीच नाही असे वाटते. दुसरा पक्ष ह्या तिन्हींस गोड भाषेचा पाक म्हणून बाजूस सारतो आणि भालचंद्र नेमाडे ह्यांच्या ‘कोसला’पासून मराठी कादंबरीस आरंभ झाला असे सांगतो. पहिला पक्ष उलट विचारतो की, ज्या पुस्तकात धड कथानक नाही त्याचे एवढे कौतुक कशासाठी? ‘ययाति’ १९५९ ची, ‘स्वामी’ १९६२ ची, ‘कोसला’ १९६३ ची आणि ‘मृत्युंजय’ १९६७ ची. म्हणजे आठ वर्षांच्या अवधीत निघालेल्या चार पुस्तकांवरून साठ वर्षे भांडण चालले आहे. गंमत अशी की, भारतीय ज्ञानपीठाने १९७४ चा आपला पुरस्कार खांडेकरांस दिला आणि २०१४ चा नेमाड्यांस दिला. दोन्ही पक्षांस मान मिळाला; पण भांडण मिटले नाही, आणि मिटूही नये.

मिटू नये असे आम्ही मुद्दाम म्हणतो. अभिरुचीचे वाद हे समाज जिवंत असल्याचे लक्षण होय. ज्या गावात पुस्तकावरून कोणी भांडत नाही, त्या गावात पुस्तके केवळ कपाटे भरण्यासाठी असतात. आमची तक्रार वादाविषयी नाही, वादकांविषयी आहे. ‘मृत्युंजय’ अवास्तव नावाजलेली आहे असे ठासून सांगणाऱ्या गृहस्थांस, तीत कर्णाखेरीज आणखी कोणकोण आपली कथा स्वमुखाने सांगतात, एवढे विचारून पाहावे. ‘कोसला’स नाके मुरडणाऱ्यांस, पांडुरंग सांगवीकर पुणे सोडून गावी परततो त्यानंतर पुढे काय होते, हे विचारावे. पुष्कळदा उत्तर येते ते पुस्तकाविषयी नसते. पुस्तकाविषयी कोणीतरी जे बोलले त्याविषयी असते. पारड्यात माल न घालताच वजन सांगितले जात आहे! हाच व्यवहार एखाद्या किराणा दुकानदाराने केला, तर आपण त्यास काय म्हणू?

ज्या नागपुरात हे चालते, त्याच नागपुराने ह्या रोगाचा उताराही एकदा दाखवून दिलेला आहे. कुसुमावती देशपांडे ह्यांनी येथे इंग्रजीचे अध्यापन केले. १९६१ च्या ग्वाल्हेर येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविणाऱ्या, आणि तो मान मिळालेल्या पहिल्या स्त्री, त्या ह्याच. त्यांनी १९५३-५४ च्या सुमारास ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा ग्रंथ दोन भागांत सिद्ध केला. शंभर वर्षांच्या कादंबरीचा इतिहास लिहावयाचा, म्हणजे बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटना’पासून पुढे, आज ज्यांची नावेही कोणी घेत नाही अशी पुस्तकेसुद्धा उलगडून पाहावी लागतात. चांगली कोणती हे ठरविण्यापूर्वी सामान्यही वाचावी लागतात. कारण सामान्याचे माप ठाऊक नसेल तर असामान्याची उंची कशावरून कळणार? आणि ह्याच विदुषीने आपल्या समीक्षालेखांच्या संग्रहास जे नाव दिले ते ‘पासंग’ हे होते. टीकाकाराने आधी आपल्याच तराजूचा दोष शोधावा, ह्याहून नेमका उपदेश एका शब्दात कोणास करता येईल असे आम्हांस वाटत नाही.

आपल्या तराजूत दोष असू शकतो, ह्याची साक्ष काळच देतो. ग. त्र्यं. माडखोलकर हे १९४४ पासून नागपूरच्या ‘तरुण भारता’चे संपादक होते. १९४६ च्या बेळगाव संमेलनाचे ते अध्यक्ष, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव ज्या संमेलनात झाला ते हेच. त्यांच्या ‘मुक्तात्मा’ (१९३३) आणि ‘भंगलेले देऊळ’ (१९३४) ह्या कादंबऱ्यांवर एके काळी सुशिक्षित घरांतून हिरिरीने वाद झडत. आज त्या घरांतील नातवंडांस ह्या पुस्तकांची नावे तरी ठाऊक असतील काय? ह्याच्या उलट उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे. ज्यांच्या ज्ञानकोशाचे मंडळ नागपुरात स्थापन झाले, त्या केतकरांनी १९२६ साली ‘गोंडवनातील प्रियंवदा’ आणि १९३० साली ‘ब्राह्मणकन्या’ लिहिली. ह्या कादंबऱ्यांत कलेची सफाई नाही, पात्रे चर्चाच फार करतात, असा आक्षेप तेव्हाही होता आणि तो खोटा नव्हता. पण जातीची कुंपणे, मिश्र विवाहाची संतती आणि स्त्रीचे समाजातील स्थान हे प्रश्न त्यांनी ज्या धिटाईने मांडले, तीमुळेच अभ्यासकांस त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळावे लागते. सफाईदार पुस्तके विस्मरणात गेली आणि ओबडधोबड पुस्तक टिकले, असेही घडते. तेव्हा आजच्या आपल्या निकालास अखेरचा निकाल समजण्याची घाई कोणी करू नये.

ह्याहून गंभीर दोष दुसरा आहे, आणि तो बोलून दाखविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. आमच्या अभिरुचीच्या तराजूत पुस्तकाबरोबर वाचकाचेही वजन केले जाते. त्याची जात, त्याची वस्ती, त्याचा धंदा हे सारे हळूच पारड्यात पडते. १९५९ हे ‘ययाति’चे वर्ष म्हणून सर्वांच्या ध्यानात आहे. त्याच वर्षी अण्णा भाऊ साठे ह्यांची ‘फकिरा’ प्रसिद्ध झाली, हे वर सांगितलेल्या बैठकीत किती जणांस आठवते? आणि ‘फकिरा’स प्रस्तावना लिहिली ती खुद्द खांडेकरांनी! ज्या लेखकाचा झेंडा घेऊन लोक भांडतात तो लेखक आपल्या भक्तांपेक्षा उदार मनाचा होता, एवढाच ह्याचा अर्थ. ‘कोसला’च्याच वर्षी, १९६३ साली, बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह निघाला. तो कादंबरी नव्हे हे खरे. पण मराठी गद्याचे वळण कोठे बदलले ह्याचा हिशेब मांडताना त्यास वगळून बेरीज जमणार नाही.

‘हल्ली कोणी वाचत नाही’ हे तर आमच्या सुशिक्षितांचे पालुपदच झाले आहे. ते म्हणणाऱ्यांस आमची विनंती एवढीच की, विजयादशमीच्या दिवशी त्यांनी दीक्षाभूमीवर यावे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जेथे धम्मदीक्षा घेतली, तेथे दरवर्षी लक्षावधी लोक जमतात आणि पुस्तकांची दुकाने रांगेने मांडलेली असतात. डोक्यावर गाठोडे, बरोबर लेकरे, परतीच्या गाडीची चिंता, आणि तरीही हातात नवे पुस्तक घेऊन उभी असलेली माणसे तेथे पाहावयास मिळतात. घासाघीस करून, प्रसंगी जेवणाच्या पैशांत काटकसर करून, ती पुस्तक विकत घेतात. गावी गेल्यावर घरात ज्यास वाचता येते तो इतरांस वाचून दाखवितो. हे वाचन नव्हे तर काय? त्या पुस्तकांत ‘आमची’ कादंबरी नसेल, तर उणीव त्या वाचकाची की त्याच्यापर्यंत न पोहोचलेल्या आमच्या अभिरुचीची, ह्याचा विचार धंतोली-धरमपेठेत बसून करणे अगत्याचे आहे.

कोणी म्हणेल, मग चांगले-वाईट असे काही नाहीच काय? सर्व पुस्तके एका मापाची काय? असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमचे मत विचाराल तर, ‘ययाति’त उपदेशाचा भार कथेस पुष्कळ ठिकाणी वाकवितो, आणि ‘मृत्युंजया’ची अलंकारिक भाषा पाने दोन पाने वाचण्यास जितकी सुखद वाटते तितकी शेकडो पानांस पेलत नाही. ‘कोसला’चा तिरकस विनोद आम्हांस प्रिय आहे, पण तिचे अनुकरण करून कंटाळ्यासच कला समजणाऱ्यांची पुस्तके वाचनीय आहेत असे म्हणण्यास आमची जीभ रेटत नाही. ही मते चुकीची असू शकतील. वाचकांनी ती पुस्तके वाचून खोडून काढावी, आम्हांस संतोषच होईल. न वाचता मान्य केली, तर मात्र आम्हांस खेद होईल.

तेव्हा करावे काय? १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांस अनुदानाची व्यवस्था झाली. हा पैसा जनतेचा आहे. कोणती पुस्तके घ्यावी हे ठरविताना ग्रंथालयांनी केवळ पुरस्कारांच्या याद्या व प्रकाशकांच्या सवलती पाहू नयेत. सभासदांस विचारावे, आणि सभासद नाहीत त्या वस्त्यांतील शिकणाऱ्या मुलामुलींसही विचारावे. १९२३ साली स्थापन झालेल्या विदर्भ साहित्य संघासारख्या संस्थेने आणि मोहल्ल्यामोहल्ल्यांतील वाचनालयांनी महिन्यातून एक सायंकाळ अशी ठेवावी की, तीत एकाच पुस्तकावर बोलावयाचे, आणि ज्याने ते अथपासून इतिपर्यंत वाचले असेल त्यानेच बोलावयाचे. बाकीच्यांनी ऐकावे. अध्यक्ष नको, हारतुरे नकोत. हमालाने वाचले असेल तर हमाल बोलेल, प्राध्यापकाने वाचले नसेल तर प्राध्यापक गप्प बसेल. आमच्या व्यापारी बंधूंनी अशा बैठकीसाठी पुस्तकाच्या दहा प्रती देणगीदाखल दिल्या, तर एका समारंभाच्या फुलांइतकाही खर्च येणार नाही.

मराठीस ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा पेढे वाटले गेले. तो आनंद योग्यच होता. पण दर्जा सरकार देऊ शकते. वाचक सरकार देऊ शकत नाही. तो घरोघरी, आणि एका वेळी एकच पुस्तक हाती घेऊन, तयार व्हावा लागतो. उद्या बैठकीत कोणी एखाद्या कादंबरीस पासंगाला न पुरणारी म्हटले, तर सुज्ञांनी रागावू नये आणि मानही डोलवू नये. ‘आपण ती केव्हा वाचली?’ एवढेच नम्रपणे विचारावे, आणि तोच प्रश्न रात्री घरी गेल्यावर स्वतःसही विचारावा.