पाटी एक, धनी अनेक

बँकेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. क्लिअरिंगच्या टेबलावर ‘जनता सहकारी’ एवढेच वाचून मी चेकचे गठ्ठे लावत होतो. हेडक्लार्क म्हणाले, ‘‘अहो, मागचे-पुढचे गावही वाचा. जनता पुण्याची निराळी, कल्याणची निराळी. नाव सारखे असले म्हणून तिजोरी एक होत नाही.’’

हा धडा परवा अचानक आठवला. इंग्लंडात नोकरी करणारा माझा भाचा सुट्टीच्या दिवशी ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या नकाशात माहिती भरतो. २००४ साली इंग्लंडातच सुरू झालेला हा नकाशा सर्वांना खुला आहे. कोणीही त्यात भर घालावी, चूक सुधारावी, माहिती वापरावी. भाच्याची अडचण अशी, ‘‘मामा, दोन दुकानांवर ‘को-ऑप’ हीच पाटी आहे, पण चालवणाऱ्या संस्था दोन. नकाशात काय लिहू?’’

प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. १८४४ साली रॉचडेल गावात २८ जणांनी पै-पैसा जमवून टोड लेनमध्ये लोणी, साखर, पीठ विकणारे दुकान काढले. खरेदीच्या प्रमाणात नफ्याचा वाटा आणि माणशी एक मत, हा त्यांचा बाणा. त्या धर्तीवर गावोगावी संस्था उभ्या राहिल्या. पुढे बऱ्याच एकमेकींत विलीन झाल्या. त्यांतूनच आजचा मोठा को-ऑपरेटिव्ह ग्रुप घडला. पण लिंकनशायर को-ऑपसारख्या काही संस्था स्वतंत्रच राहिल्या. कोणी सामायिक चिन्ह लावते, कोणी आपल्या मुलुखाचे नाव जोडते. मालाची खरेदी बरीचशी एकत्र होत असल्याने फळीवरचा मालही पुष्कळदा सारखाच असतो.

मग फरक कुठे? मालकीत. संचालक कोणी निवडायचे, नफ्याचे काय करायचे, दुकान बंद होत असेल तर कोणाला जाब विचारायचा, हे पाटीवरून ठरत नाही; संस्थेवरून ठरते.

ब्रिटनच्या को-ऑपरेटिव्ह बँकेचेच पाहा. २०१३ साली भांडवल अपुरे पडले आणि बहुतांश मालकी हेज फंडांसारख्या गुंतवणूकदारांकडे गेली. २०१७ साली ग्रुपने आपला उरलासुरला हिस्साही सोडला. नाव मात्र ‘को-ऑपरेटिव्ह’च राहिले! २०२५ च्या आरंभी कॉव्हेंट्री बिल्डिंग सोसायटी या सभासदांच्या संस्थेने ती बँक घेतली. पाटी तीच, धनी तीन.

म्हणून भाच्याला सांगितले, ‘‘तुमच्या नकाशात नाव, ब्रँड आणि चालक असे तीन रकाने आहेत ना? नावात पाटीवर दिसते तेच लिही, कारण रस्त्यावरचा माणूस तेच शोधत येणार. ब्रँडमध्ये सामायिक चिन्हाचे नाव. आणि चालकाच्या रकान्यात संस्थेचे पूर्ण नाव. तिथे आळस नको.’’

घरबसल्या सगळी दुकाने सरसकट मोठ्या ग्रुपच्या नावावर चढवणे सोपे आहे. पण खुली माहिती पुढे कुठे कुठे जाते, याचा हिशेब नसतो. उद्या कोणी याच नकाशावरून सहकारी दुकाने मोजली, तर शंभर-दीडशे वर्षे तगलेली एखादी छोटी संस्था न बुडताच कागदावरून नाहीशी होईल.

हे दूरचे वाटत असेल तर कोपऱ्यावरचे अमूलचे पार्लर आठवा. दूध गावोगावच्या शेतकऱ्यांचे, प्रक्रिया जिल्हा संघांची, विक्री महासंघाची आणि गल्ल्यावर बसलेला दुकानदार आणखी चौथाच. आइस्क्रीम खाताना याची आठवण ठेवण्याचे कारण नाही. पण नोंद करणाऱ्याने ती ठेवलीच पाहिजे. सहकारात नाव सर्वांचे असू शकते. जबाबदारी मात्र कोणा एकाच्या नावावर लिहिलेली असावी लागते.