पट्टा किती लांब घ्यावा?

गेल्या पौषांत आमच्या घरीं एका पट्ट्यावरून आठ दिवस वाद चालला होता. तो जमिनीचा पट्टा असता तर शेजाऱ्यांना त्यांत कांहीं विशेष वाटलें नसतें. पण हा पट्टा रबराचा होता, तो कॅनडांतील एका दुकानांत होता, आणि त्याची लांबी १५४ इंच असावी कीं १७४, हा प्रश्न आमच्या दादांच्या धाकट्या चिरंजीवानें कॅलगरीहून दूरध्वनीवर घरांतील वडील मंडळींपुढें ठेविला होता. मोठी खरेदी वडिलांना विचारल्यावांचून करावयाची नाहीं, हा घरचा नियम मुलानें इतक्या दूर राहूनही पाळला, याबद्दल वहिनींना प्रथम धन्यता वाटली. ती वस्तु काय आहे हें कळल्यावर मात्र त्यांचा चेहरा उतरला.

ती वस्तु म्हणजे स्नोमोबाईल. बर्फावरून धांवणारें वाहन. वाचकांपैकीं जे हिंवाळ्यांत गुलमर्गला जाऊन आले असतील त्यांनीं तें पाहिलें असेल. पुढें दोन स्की, मागें चाकांच्या ऐवजीं एकच रुंद रबरी पट्टा, आणि मध्यें घोड्यावर बसावें तशी बसण्याची जागा. परंतु तुडविलेल्या वाटेवरून प्रवाशांना फिरविणारी गाडी निराळी आणि डोंगरांतील कोऱ्या, कंबरभर बर्फांत चढणारी गाडी निराळी. वाटेवरच्या गाडीचा पट्टा साधारणतः १२० पासून १३७ इंचांपर्यंत असतो. डोंगरी गाडीचा १४६ पासून १७५ पर्यंत. घेणाराची खरी पंचाईत १५४, १६५ आणि १७४ यांच्या आसपासच्या मापांत होते.

या विषयांत माझा अधिकार काय, असें कोणी विचारील. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें, बाकीचें पाठशाळेंतलें. आणि बर्फाशीं परिचय गुलमर्गच्या एका सकाळीपुरता. पण सारा जन्म मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत गेल्यामुळें प्रश्नांत आंकडे दिसले कीं मला स्वस्थ बसवत नाहीं. पुतण्याकडून कारखान्यांचीं माहितीपत्रकें मागविलीं, तेथील जाणत्या स्वारांचे अनुभव वाचले, आणि कागद-पेन्सिल घेऊन बसलों.

प्रथम ध्यानांत आलें तें हें कीं, १५४ इंच ही पट्टा बर्फावर टेकतो त्याची लांबी नव्हे. पट्टा वळसा घालून जोडलेला असतो. विहिरीवरील रहाटाची माळ जशी. माळ चाळीस हात असली म्हणून विहीर कांहीं चाळीस हात खोल नसते. माळेची एक बाजू उतरत असते तेव्हां दुसरी चढत असते. पट्ट्याचेंही तसेंच. त्याची खालची बाजू बर्फावर, वरची बाजू गाडीच्या पोटांत. म्हणून दोन पट्ट्यांच्या मापांत २० इंचांचें अंतर असलें तरी बर्फावर तें १० इंचांचेंच उरतें. रुंदी बहुधा १५ इंच. तेव्हां १७४ चा पट्टा घेणाराला १५४ वाल्यापेक्षां १५० चौरस इंच, म्हणजे एक चौरस फुटाहून किंचित् अधिक जागा मिळते. सारा वाद एका फुटाच्या जागेचा आहे, असें मीं सांगितलें तेव्हां दादांना हायसें वाटलें. एका फुटाच्या जागेवरून भाऊबंदकींत काय काय घडतें हें ज्यांनीं माहेरीं पाहिलें आहे त्या वहिनींना तसें वाटलें नाहीं.

आणि त्यांचेंच खरें होतें. गाडीचें वजन २०० ते २२० किलो, त्यावर स्वार आणि त्याचें सामान. मिळून ३०० किलो धरा. १५४ चा पट्टा बर्फावर ५५ ते ६० इंच टेकतो. स्कींवर जाणारा भार हिशेबांत न घेतां सगळें ओझें पट्ट्यावरच टाकलें तरी चौरस इंचाला एक तृतीयांश किलोच्या आसपास दाब पडतो. उलट पंचाहत्तर किलोचा मनुष्य दोन पायांवर उभा राहिला तर तळव्यांखालीं चौरस इंचाला सव्वा किलोपर्यंत दाब येतो. हें गणित मीं गुलमर्गलाच अनुभवानें शिकलों होतों, फक्त मांडलें नव्हतें. गाडीवाल्यानें वाटेच्या कडेला गाडी थांबविली, ती चार बोटें रुतून उभी राहिली. मी ऐटींत पायउतार झालों तों मांडीपर्यंत आंत. म्हणजे एवढें लोखंड वर तरंगतें आणि माणूस बुडतो! मोकळ्या बर्फांत ही तरंगण्याची शक्ति जितकी अधिक तितकी गाडी कमी वेगांतही वर राहते, चढावर थांबून पुन्हां निघूं शकते, आणि रुतून बसत नाहीं. दोनशें किलोंची रुतलेली गाडी फावड्यानें मोकळी करणें म्हणजे काय, तें पुतण्यानें मागच्या वर्षीं मित्राच्या गाडीवर पुरतें अनुभविलें होतें.

येथपर्यंत पाहतां लांब पट्टाच श्रेष्ठ ठरतो, आणि पुतण्याच्या मित्राचें म्हणणेंही तेंच होतें: नवशिक्याला लांब पट्टा सांभाळून घेतो. हा युक्तिवाद खोटा नाहीं. दोन दिवस मीही त्याच्या बाजूस झुकलों होतों.

पण डोंगरी गाडी वळते कशी, हें वाचल्यावर माझें मत फिरलें. खोल बर्फांत ती नुसत्या स्कींच्या बळावर वळत नाहीं. स्वार उभा राहतो, एका पायावर भार देऊन गाडी कुशीवर कलती करतो, आणि पट्ट्याच्या कडेवर ती वळण घेते. पट्टा जितका लांब तितकी सरळ जाण्याची त्याची ओढ अधिक, आणि तितकें अंगाचें बळ व कसब जास्त लागतें. मोकळ्या, उभ्या, प्रशस्त उतारावर ही सरळ ओढ हितावह. तेथें लांब गाडी स्थिर चढते. परंतु आमचा मुलगा जेथें जाणार तीं फर्नी, गोल्डन, रेव्हलस्टोक या बाजूचीं ब्रिटिश कोलंबियांतील खोरीं सूचिपर्णी वृक्षांनीं गच्च भरलेलीं. दोन झाडांमधून गाडी काढतांना दहा इंच कमी असणें हें दहा इंच जास्त असण्यापेक्षां उपयोगाचें.

शिवाय आपल्या शास्त्रांनीं दानाच्या बाबतींत देश, काल व पात्र पाहावयास सांगितलें आहे, तें येथें अक्षरशः लागू पडतें. बर्फ म्हणून सगळीकडे सारखें नसतें. युटाचें नवें बर्फ इतकें हलकें कीं शंभर इंच वितळविलें तर पाणी आठ-नऊ इंचच व्हावें. अशा पिठासारख्या बर्फांत लांब पट्टा आणि त्यावरील तीन इंचांचे उंच दांते शोभतात. पॅसिफिक किनाऱ्यालगतचें बर्फ ओलें व जड; तें खालून आधार देतें, तेथें कमी लांबीनेंही भागतें. तेंच हिंवाळा सरतां सरतां घट्ट होतें, आणि मग उंच दांत्यांचा उपयोग राहत नाहीं. उलट कडक वाटेवर पट्ट्याखालून मोकळें बर्फ उडेनासें झालें कीं गाडी तापते. कारण उडणाऱ्या बर्फानेंच यंत्रांतील पाणी थंड व्हावयाचें आणि पट्टा ज्या रुळांवर घासतो ते रूळही त्यानेंच ओले राहावयाचे. डोंगराच्या पायथ्याशीं पोंचेपर्यंत कित्येक मैल अशी कडक वाट असते, हें दुकानदार सांगत नाहींत.

उंचीचाही विचार आहे. हवा विरळ होते तशी साध्या यंत्राची शक्ति दर हजार फुटांस सुमारें तीन टक्के घटते. कोलोरॅडोंत दहा हजार फुटांवर जवळजवळ तीस टक्के गेली. फर्नीच्या बाजूस सहा-सात हजारांवर वीस टक्के. आणि लांब पट्टा फिरविण्यांतही शक्ति खर्च होते. कारखान्यांतूनच टर्बो बसवून ज्या गाड्या मिळतात त्यांना ही अडचण कमी. पण ती किंमत ऐकून दादांनीं चष्मा काढून ठेविला.

आतां पात्र. आमचा मुलगा पांच फूट सहा इंच, वजन अडुसष्ट किलो, बर्फांतला त्याचा हा दुसरा हिंवाळा. ज्या मित्रानें १७४ ची शिफारस केली तो शंभर किलोंच्या वरचा आणि लहानपणापासून या गाड्यांवर वाढलेला. मित्राला आपल्या देहाच्या मानानें जो पट्टा लागतो तो आमच्या मुलाला कसा लागेल? त्रैराशिक मांडलें तर तीस-पस्तीस किलो हलक्या माणसाला तो जास्तीचा एक फूट बहुतांशीं आधींच मिळालेला आहे. आमच्याकडे थोरल्याचा सदरा धाकट्याला घालीत, पण तो वाढेल या आशेनें. पस्तिशींतल्या मुलाची उंची आतां वाढावयाची नाहीं.

मधेंच वहिनींनीं विचारलें, "असलें वाहन माणसानें काढलें तरी कशाला?" तें सांगण्यासारखें आहे. क्वेबेक प्रांतांतील वालकूर गांवीं जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिए नांवाचा एक कारागीर राहत असे. १९३४ च्या हिंवाळ्यांत त्याचा दोन वर्षांचा मुलगा पोटाच्या विकारानें अत्यवस्थ झाला. रस्ते बर्फानें बंद, इस्पितळापर्यंत नेण्यास साधन नाहीं, मुलगा गेला. बर्फावरून चालेल असें वाहन तयार करण्याच्या उद्योगांत तो आधींपासून होताच. पुढें तीनएक वर्षांत दांतेरी चाक व पट्टा यांची त्याची योजना सिद्ध झाली, आणि डॉक्टर, टपाल, शाळेचीं मुलें नेणाऱ्या बंद गाड्या तो बनवूं लागला. एक-दोघांना बसण्याची लहान स्की-डू १९५९ मध्यें निघाली. हें ऐकून वहिनी कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग म्हणाल्या, "त्या बापानें मूल वांचवावें म्हणून केलें, आणि आमचा खेळायला घेतो आहे."

खरी भीति यंत्राची नाहींच. ती डोंगराची आहे. हिमप्रपात बहुधा तीस ते पंचेचाळीस अंशांच्या उतारावर सुटतात, आणि लांब पट्ट्याला नेमके तेच उतार चढतां येतात. त्यांत तरुणांची एक चढाओढ असते: उतारावर कोण किती उंच जाऊन वळतो. दहा इंच अधिक टेकणारी गाडी थोडी आणखी वर जाते, इतकेंच. पण माणसांचा घात करणारा प्रपात बहुतेक वेळां त्यांनीं स्वतः किंवा त्यांच्या सोबत्यांनींच मोकळा केलेला असतो. २८ डिसेंबर २००८ रोजीं फर्नीजवळच्या डोंगरांत अकरा गडी गाड्या घेऊन गेले होते. पहिल्या प्रपातांत कांहीं गाडले गेले. उरलेले त्यांना उकरून काढीत असतांनाच दुसरा आला. अकरांपैकीं आठ गेले. ते सगळे एकाच गांवचे, स्पारवुडचे. डोंगर त्यांच्या ओळखीचा होता.

आंखूड पट्टा घेतल्यानें प्रपात टळतो असें मी म्हणत नाहीं. १५४ वालाही अशा उतारावर सहज जातो. पण जेथें अजून जावयाचें नाहीं तेथें नेण्याचें सामर्थ्य मुद्दाम पैसे मोजून विकत कां घ्यावें?

शेवटीं मीं पुतण्याला लिहिलें: "चि. यास अनेक आशीर्वाद. १५४ घ्यावा, दांते अडीच इंचांचे. वर्ष-दोन वर्षांनीं तुला स्वतःला उणें वाटलें, मित्राला नव्हे, तर १६५ चा विचार करूं. मात्र गाडी घरीं येण्याआधीं हिमप्रपाताचा दोन दिवसांचा अभ्यासक्रम पुरा करावा. शोधयंत्र, फावडें व लांब शलाका हीं प्रत्येकाच्या अंगावर असावींत, गाडीवर नव्हे. अॅव्हलांच कॅनडाचें त्या दिवसाचें पत्रक वाचल्यावांचून निघूं नये. उतारावर एका वेळीं एकच गाडी; बाकीच्यांनीं बाजूस, सुरक्षित जागीं थांबावें. गाडला गेलेला मनुष्य पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत निघाला तरच बहुधा वांचतो, म्हणून एकट्यानें कधींही जाऊं नये."

त्याचा दूरध्वनि आला. "काका, तुम्हीं सांगितलें तसेंच करतों, पण १६५ स्वस्तांत मिळत होती हो!" मीं म्हटलें, "ज्याला नको होती त्यानें विकली." त्यानें हंसून अभ्यासक्रमाला नांव घातलें, आणि माघांत एका हंगामाची वापरलेली १५४ ची गाडी घेतली.

वहिनींनीं मग दूरध्वनि हातांत घेतला व एवढेंच विचारलें कीं, रानांत पट्टा तुटला तर काय करशील. तो म्हणाला, "आई, खालचा मोठा पट्टा सहसा तुटत नाहीं ग. यंत्राची शक्ति त्याच्याकडे पोंचविणारा आंतला लहान पट्टा तुटतो. त्याचा एक जास्तीचा गाडींत ठेवतात."

"दोन ठेव," वहिनी म्हणाल्या.