‘वय झालंय’ म्हणून थांबण्याआधी

आहुपे हे आंबेगाव तालुक्याचे पश्चिम टोक. गाव संपले की कडा आणि कड्याखाली मुरबाडचा मुलूख. तालुक्याचे ठिकाण घोडेगाव गाठायचे तर डिंभे धरणाच्या पाण्याला वळसा घालत, घाटवळणांचा लांबचा रस्ता कापावा लागतो. पुढे मंचरचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथेही भागले नाही तर पुणे. या पट्ट्यातली तरुण मंडळी कामासाठी नारायणगाव, मंचर, चाकणकडे जातात. गावात राहतात ती आजी-आजोबा मंडळी. भाताच्या खाचरात आणि हिरड्याच्या झाडाखाली सत्तरीतही राबणारी ही माणसे दुखणे सहसा बोलून दाखवत नाहीत. विचारले तर एकच उत्तर मिळते, ‘वय झालंय आता, चालायचंच.’

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातील ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते आणि तेव्हापासून हे प्रमाण वाढतच आहे. सरकारी पातळीवर याची दखल घेतली गेली आहे. वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ पासून आहे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान वय वंदना कार्डावर कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. ही सोय मोलाची आहे. पण कार्ड उपयोगी पडते ते रुग्णालयात भरती झाल्यावर. रुग्ण तिथपर्यंत कधी पोचतो, हे कार्ड ठरवत नाही.

बाळंतपणातील मृत्यूंचा अभ्यास करताना सेरीन थाडियस आणि डेबोरा मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये तीन विलंबांची मांडणी केली. पहिला विलंब दवाखान्यात जायचा निर्णय घेण्यातला, दुसरा तिथे पोचण्यातला आणि तिसरा पोचल्यावर उपचार मिळण्यातला. वृद्धांच्या आजारपणाला ही मांडणी जशीच्या तशी लागू पडते. फरक एवढाच, की गरोदर बाईची तारीख आशाताईंच्या वहीत असते, कोणत्या दवाखान्यात न्यायचे ते ठरलेले असते आणि २००५ पासून जननी सुरक्षा योजनेचे पाठबळही आहे. एकट्या राहणाऱ्या आजोबांची अशी वही नसते. त्यांच्या बाबतीत सर्वांत मोठा विलंब पहिलाच असतो, आणि तो घरातच होतो.

तो होण्यामागे वैद्यकीय कारणही आहे. म्हातारपणी आजार आपली नेहमीची ओळख दाखवत नाहीत. हृदयविकाराचा झटका म्हटले की छातीत कळ, असे आपल्या मनात पक्के बसलेले असते. वृद्धांमध्ये, विशेषतः मधुमेह असेल तर, अनेकदा छातीत काहीच दुखत नाही. अचानक धाप लागते, दरदरून घाम येतो, मळमळते, पोटाच्या वरच्या भागात दाटल्यासारखे वाटते, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे त्याला गॅस समजून सोडा देतात. साठीच्या पुढच्या माणसाला असा ‘गॅस’ घामासकट आला तर आधी ईसीजी काढायचा.

जंतुसंसर्गाचेही तसेच. फुप्फुसात न्यूमोनिया किंवा लघवीत संसर्ग असूनही अनेकदा अंग तापलेले नसते. दिसते ते वेगळेच. कालपर्यंत नीट बोलणारी आजी आज घरच्यांना ओळखत नाही, असंबद्ध बरळते, दिवसभर झोपून राहते, जेवायला नको म्हणते. कुणी याला ‘चळ लागला’ म्हणते, कुणी बाहेरची बाधा. स्मृतिभ्रंश महिन्या-वर्षांनी हळूहळू वाढतो. तासा-दोन दिवसांत आलेला गोंधळ हा बहुधा शरीरातील दुसऱ्या कुठल्या तरी आजाराचा इशारा असतो. संसर्ग, रक्तातले सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी तुंबणे, नवीन सुरू केलेली गोळी, यांपैकी काहीही असू शकते. वेळेत कारण सापडले तर यातले बरेच रुग्ण पूर्ववत होतात.

म्हणून वृद्धांच्या बाबतीत ‘कुठे दुखतंय?’ या प्रश्नाइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा: गेल्या आठवड्यात स्वतः करत होते असे काय आता जमत नाही? पाण्याला जाणे, शेळ्या सोडणे, स्वतःचे जेवण घेणे, परसात जाणे. यातले काही अचानक थांबले तर ते लक्षणच समजा. वयामुळे ताकद हळूहळू कमी होते, मंगळवार-बुधवारच्या मधल्या एका रात्रीत नाही.

आता कधी जायचे ते पाहू.

काही लक्षणांना एक तासही घरी थांबायचे नसते. तोंड एका बाजूला वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे हा पक्षाघात असू शकतो. मेंदूतली गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन हवा. हे साडेचार तास रुग्ण शेवटचा ठणठणीत दिसला तेव्हापासून मोजतात. सकाळी उठताना हात लुळा आढळला तर रात्री झोपताना कसा होता, हे सांगता आले पाहिजे. तोंडातून पाणी, औषध काही देऊ नये, कारण गिळता न आल्यास ते श्वासनलिकेत जाते. छातीतली कळ, बसल्याजागी लागलेली धाप, बेशुद्धी, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच यांनाही हाच नियम. दुखण्याच्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनी काळ्या शौचेकडे विशेष लक्ष द्यावे, कारण या गोळ्यांनी पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो.

पडल्यावर उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळले असेल तर खुब्याचे हाड मोडल्याची दाट शक्यता असते. तेल लावून चोळणे, ओढून बसवणे टाळावे. शस्त्रक्रिया शक्यतो दोन दिवसांत झाली तर माणूस पुन्हा पायावर उभा राहण्याची आशा जास्त. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला न्यूमोनिया आणि पाठीच्या जखमा फार लवकर गाठतात. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे काही आठवडे सावध राहा. वाढती डोकेदुखी, झोपाळूपणा, चालताना झोक जाणे म्हणजे आत हळूहळू साचणारे रक्त असू शकते.

मधुमेहाची गोळी घेऊन उपवास केला, किंवा जेवण राहिले, आणि थरथर, घाम, बरळणे सुरू झाले तर साखर कमी झालेली असू शकते. शुद्धीवर असून गिळता येत असेल तर लगेच साखरपाणी द्यावे. बरे वाटले तरी त्याच दिवशी दवाखान्यात दाखवावे. काही गोळ्यांचा परिणाम तासन्‌तास टिकतो आणि साखर पुन्हा खाली येते.

त्याच दिवशी दाखवण्याजोगी लक्षणे म्हणजे नवा गोंधळ, दिवसभर लघवी न होणे, उलट्या-जुलाब, ताप. खाचरात काम करणाऱ्याला तापासोबत पोटऱ्या दुखणे, डोळे लाल होणे, लघवी कमी होणे असे झाले तर लेप्टोस्पायरोसिसची शंका घ्यावी लागते. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, कारणाशिवाय उतरणारे वजन, गिळताना अडकणे, लघवीतून रक्त, पायांवर वाढती सूज यांसाठी आठवड्याच्या आत तपासणी हवी. खोकल्यासाठी थुंकीची तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते.

हे वर्गीकरण शहरातल्या माणसालाही लागू आहे. आहुप्यासारख्या गावात मात्र त्यातून रस्त्याचे तास वजा करायचे असतात. साडेचार तासांतले दोन-अडीच तास गाडी मिळवण्यात आणि घाटात गेले तर उरतात दोनच. त्यामुळे जे लक्षण पुण्यात ‘आज दाखवा’ या गटात मोडते, ते इथे पावसाळी संध्याकाळी ‘लगेच निघा’ या गटात जाते. दुपारी तीनला सुरू झालेली धाप ‘सकाळी बघू’ म्हणून ठेवली, तर रात्री तीच धाप धुक्यात आणि दरडीच्या भीतीत न्यावी लागते. याच खोऱ्यातल्या माळीणवर ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळला तेव्हा गाव दिसेनासे झाल्याची पहिली खबर बाहेर दिली ती एसटीच्या चालकाने. पावसात इथले रस्ते आणि संपर्क किती भरवशाचे असतात, हे या भागाला वेगळे सांगायला नको.

मग करता येण्यासारखे काय आहे? बाळंतपणासाठी जे करतो तेच. आशाताईंच्या वहीत एकट्या राहणाऱ्या आणि बीपी, मधुमेह, हृदयाचा आजार असलेल्या वृद्धांची यादी असावी. जूनच्या आधी प्राथमिक आरोग्य केंद्राने त्यांना दोन महिन्यांच्या गोळ्या हातात द्याव्यात, म्हणजे रस्ता बंद पडला तरी गोळी बंद पडणार नाही. ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन चालू आहे त्याचे नाव गावच्या फलकावर लिहिलेले असावे, म्हणजे पक्षाघाताचा रुग्ण तीन दारे फिरणार नाही. यातल्या एकाही गोष्टीला नवी योजना लागत नाही.

घरच्यांनी एक कागद तयार ठेवावा. त्यावर आजार, चालू गोळ्यांची नावे, शहरातल्या मुलाचा नंबर. आधार आणि वय वंदना कार्ड त्याच पिशवीत. वाडीत फोनला रेंज कुठे मिळते आणि रात्री गाडी कोणाची निघते, हे आधीच ठरवून ठेवावे. १०८ ला फोन केल्यावर लक्षण आणि ते सुरू झाल्याची वेळ आधी सांगावी.

आणि शहरात राहणाऱ्या मुला-मुलींनी रविवारच्या फोनवर ‘बरं आहे ना?’ एवढेच विचारू नये. त्याला ‘बरं आहे’ हेच उत्तर येते. त्याऐवजी विचारा, ‘आज पाण्याला कोण गेलं होतं? काल काय जेवलात?’ उत्तर बदलले की निघा.