मोजायचे काय : सिगारेटी की तलफ?

धूम्रपान करणाऱ्या रुग्णाच्या केसपेपरवर बहुधा एकच नोंद आढळते : ‘सिगारेट, रोज दहा.’ एवढ्यावरून व्यसनाचे बलाबल ठरविणे आम्हांस अपुरे वाटते. संख्या हे सेवनाचे मान आहे, तलफेचे नव्हे.

१९९१ साली प्रसिद्ध झालेल्या फागरस्ट्रॉम चाचणीत सहा प्रश्न व एकूण दहा गुण आहेत. जागे झाल्यावर पाच मिनिटांच्या आत पहिली सिगारेट पेटविणाऱ्यास त्या एका प्रश्नाचेच तीन गुण मिळतात. रक्तातील निकोटिन सुमारे दोन तासांत निम्मे होते. म्हणूनच रात्रभराच्या खंडानंतरची ही घाई अवलंबित्व उघड करते. त्या-त्या क्षणीची तलफ मोजण्यासाठी टिफनी व ड्रोब्स यांनी त्याच वर्षी ३२ विधानांची प्रश्नावली मांडली. २००१ साली तिचे दहा विधानांचे संक्षिप्त रूप आले.

अल्प धूम्रपान करणाऱ्यास सकाळची घाई सहसा नसते. पण चहाची टपरी, मित्रांची सोबत, समोरच्याने पेटविलेली काडी यांनी त्याचीही तलफ जागी होते. ‘दोन-तीनच ना!’ असे म्हणून त्यास परत पाठविणे योग्य नव्हे. रोज एक सिगारेट ओढणाऱ्याचा हृद्रोगाचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या वाढीव धोक्याच्या जवळपास निम्मा असतो, असे २०१८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील संकलित अभ्यासात दिसून आले.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात अहिताचा त्याग पादांशिक क्रमाने करण्यास सांगितले आहे. हा क्रम सिगारेटीस लावताना एक सावधगिरी हवी. संख्या घटली की रुग्ण उरलेल्या सिगारेटी अधिक खोल व अधिक वेळा ओढून निकोटिनची भरपाई करू शकतो. केसपेपरवर पाद कमी होतो. शरीरात तो तितका कमी होत नाही.

म्हणून आमची सूचना अशी : प्रत्येक भेटीत पहिल्या सिगारेटीची वेळ विचारावी आणि सकाळी उठल्यावर, चहाच्या वेळी, जेवणानंतर व मित्रमंडळीत असताना जाणवणारी तलफ शून्य ते दहा या मापाने स्वतंत्रपणे नोंदवावी. सकाळचा अंक मोठा असेल तर शरीराच्या अवलंबित्वाकडे, प्रसंगाचा मोठा असेल तर निदानपरिवर्जनाकडे अधिक लक्ष द्यावे. संख्या उतरूनही तलफ उतरत नसेल, तर उपक्रमाचा फेरविचार करावा.

या नोंदीस दोन मिनिटेही लागत नाहीत. ‘आमच्या औषधाने व्यसन सुटते’ हे विधान आपण वारंवार ऐकतो. चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे अंक शेजारी ठेवता आले, तरच त्यास आधार लाभेल.