रोपाचा निरोप कुणाच्या फोनवर?

माझं माहेर शिरूरचं, सासर दौंडचं. आई तुळशीला पाणी घालण्याआधी मातीत बोट खुपसायची. "तिला विचारल्याशिवाय घालू नये गं," म्हणायची. मला हसू यायचं.

पण रोपही प्रतिसाद देतं, हे जगदीशचंद्र बोस यांनी 1901 मध्ये लंडनला यंत्र लावून दाखवलंच होतं. आता शेजारच्या बारामतीत उसाच्या शेतात सेन्सर बसलेत. मातीतला ओलावा मोबाइलवर कळतो. नाहीतर ऊस म्हटलं की आमच्याकडे पाटानं धो धो पाणी, तहान असो वा नसो!

यंत्र यावंच. पण निरोप जाणार घरधन्याच्या फोनवर, अन् खुरपायला वाकणार आपण. मैत्रिणींनो, तो निरोप आपल्याही फोनवर मागून घ्या. आणि मातीत बोट घालायला मात्र विसरू नका.